पिस्टनला तडे, हेडला तडे, आणि सिम्युलेशन म्हणतं सगळं मर्यादेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा सिलिंडरचं, १५०० आरपीएमवर चालणारं टर्बो डिझेल इंजिन, जेनसेटवर बसवलेलं. वीज गेली की पॅनेल ते आपोआप सुरू करतं. दोन सिलिंडरांच्या हेडला इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीत तडा गेला आहे, आणि दोन पिस्टनांच्या बाऊलच्या, म्हणजे माथ्यावरच्या खोलगट वाटीच्या, काठावर तडे दिसत आहेत. तुम्ही दोन्हींचं थर्मल अ‍ॅनालिसिस केलं. हेडच्या पट्टीवर ३४० अंश सेल्सिअस आलं, पिस्टनच्या काठावर ३४५. दोन्ही आकडे डिझाइनच्या मर्यादेत बसतात. मग पार्ट का तुटले, आणि सिम्युलेशन चुकलं का?

बहुधा सिम्युलेशन चुकलेलं नाही. तुम्ही त्याला नव्या इंजिनाबद्दल विचारलंत आणि त्याने नव्या इंजिनाबद्दल उत्तर दिलं. ड्रॉइंगमधलं वॉटर जॅकेट (पाणी खेळवणारी पोकळी) स्वच्छ असतं, पिस्टनवर तेल मारणारा ऑइल जेट बरोबर भोकावर बसलेला असतो, इंधन फवारणारं नोझल कोरं असतं. तुटलेलं इंजिन यातल्या एखाद्या बाबतीत तरी वेगळं होतं. त्यामुळे बिघाडाच्या तपासात मॉडेलला विचारायचा प्रश्न बदलतो: धातूवर ज्या खुणा उमटल्या आहेत त्या उमटायला काय काय बिघडावं लागेल, आणि त्यातलं काय बाकीच्या पुराव्याशी जुळतं? माझ्या मते अशा कामात सिम्युलेशनचा खरा उपयोग एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे. रंगीत चित्र अहवालात छान दिसतं, पण एकट्या चित्रावरून कारण ठरत नाही.

म्हणून लॅपटॉप उघडण्याआधी पार्ट टेबलावर घ्या. आणि कृपा करून ते कॉस्टिक सोड्यात धुऊ नका. वर्कशॉपमध्ये पार्ट आले की पहिलं काम धुलाई असतं, आणि त्यात अर्धा पुरावा जातो. पिस्टनच्या माथ्यावरच्या काजळीचा नमुना, गॅलरीतला (पिस्टनच्या आतल्या तेलाच्या पोकळीतला) कार्बन, जॅकेटमधला क्षार, सगळे फोटो आधी काढा.

पिस्टनवर पाहण्यासारखं पुष्कळ असतं. बाऊलच्या काठावरचे तडे पिनच्या, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या दांड्याच्या, दिशेत आहेत का ते बघा. ज्वलनाच्या दाबाने पिस्टन पिनवर वाकतो, त्यामुळे पिनच्या रेषेत काठावर ताण सगळ्यात जास्त येतो. तडे तिथेच असतील तर उष्णतेने मऊ झालेल्या काठावर दाबाचा मार बसला आहे. तडे किंवा खड्डे नोझलच्या फवाऱ्यांच्या जागी, जेवढी भोकं तेवढ्या ठिकाणी असतील, तर गोष्ट इंधनाची आहे. धातू स्पंजासारखा खाल्लेला किंवा वितळल्यासारखा दिसत असेल तर तापमान तुमच्या ३४५ च्या कितीतरी वर गेलेलं आहे. अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनचं युटेक्टिक, म्हणजे सर्वात कमी तापमानाला वितळणारं मिश्रण, ५७७ अंशांना वितळतं, आणि पिस्टनच्या धातूत तांबं, निकेल, मॅग्नेशियम असल्याने वितळण्याची सुरुवात त्याच्याही आधी होते. स्कर्टवरच्या, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भिंतीवरच्या, ओरखड्यांची जागाही बोलते. स्कर्टवर गोलाकार, सगळीकडून ओरखडे असतील तर पूर्ण पिस्टन फुगला होता. एकाच बाजूला असतील तर कनेक्टिंग रॉड, लायनर (सिलिंडरची आतली नळी) किंवा तेलाकडे बघायचं.

आता एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती कमी खर्चात होते आणि तरी फारसं कुणी करत नाही. पिस्टनचा धातू स्वतःच थर्मामीटर असतो. हीट ट्रीटमेंटने त्याला आलेला कडकपणा गरम राहून राहून उतरत जातो, आणि किती उतरला यावरून तो किती तापला होता हे काढता येतं. त्याच बॅचचा नवा पिस्टन घ्या, त्याचे तुकडे कापा, आणि २००, २५०, ३००, ३५०, ४०० अंशांना भट्टीत १०० तास ठेवून प्रत्येकाची हार्डनेस मोजा. हा तुमचा तक्ता. मग तुटलेला पिस्टन पिनच्या रेषेत आणि तिच्या काटकोनात असा दोनदा उभा कापा, कापताना भरपूर कूलंट सोडा म्हणजे कापण्याच्या उष्णतेने वाचन बिघडणार नाही, पॉलिश करा आणि काठापासून आत दर दोन मिलिमीटरवर हार्डनेस घ्या. शेजारच्या, न तुटलेल्या सिलिंडरचा पिस्टनही तसाच कापा. दोन्हींचे आलेख एकमेकांवर ठेवले की चर्चेतला निम्मा धूर निघून जातो. एक काळजी घ्या: हार्डनेस तापमान आणि वेळ दोन्हींवर अवलंबून असते, त्यामुळे इंजिनाचे तास आणि साधारण किती वेळ पूर्ण लोडवर गेला हे लॉगबुकातून काढावंच लागतं. पण ढोबळ फरक, म्हणजे ३०० की ३८०, हा या पद्धतीत लपत नाही.

चालू इंजिनावर मोजायचं असेल तर टेम्पलग वापरा. हे खास पोलादाचे बारीक स्क्रू असतात; पिस्टनच्या माथ्यावर, पहिल्या रिंगच्या खाचेमागे, हेडच्या पट्टीत आटे पाडून बसवायचे, इंजिन ठरावीक वेळ एकाच लोडवर चालवायचं, मग काढून त्यांची हार्डनेस मोजायची. तत्त्व तेच. हलत्या पिस्टनमधून वायर बाहेर काढण्याची कटकट वाचते.

हेडच्या बाबतीत माझा आग्रह आहे की एक तुटलेलं हेड बँडसॉवर पट्टीतून आडवं कापा. महागडं हेड कापायला कुणी तयार नसतं, पण तडा गेलेलं हेड तसंही भंगारात जाणार. कापल्यावर दोन गोष्टी दिसतात ज्या कॅडच्या ड्रॉइंगमध्ये कधीच नसतात. एक, ओतकामात कोअरच्या (आतली पोकळी घडवणाऱ्या साच्याच्या) सांध्यात राहिलेली धातूची फिन, जी दोन व्हॉल्व्हच्या मधून जाणारा पाण्याचा अरुंद रस्ता अर्धा बंद करून बसलेली असते. दोन, क्षाराचा थर.

हा थर किती महाग पडतो ते साध्या कागदावर दाखवतो. समजा गॅसच्या बाजूचं प्रभावी तापमान ९०० अंश, कूलंट ९०, आणि पट्टीतून दर चौरस मीटरला ३ लाख वॅट उष्णता जाते आहे. गॅसच्या बाजूचा हीट ट्रान्सफर कोएफिशंट (गॅसकडून धातूत उष्णता किती सहज जाते याचा आकडा) तुमच्या ३४० अंशांशी जुळवायचा तर तो ५३५ च्या आसपास येतो. आता पाण्याच्या बाजूला अर्धा मिलिमीटर क्षार चढला असं धरा. क्षाराची उष्णतावाहकता १.५ वॅट प्रति मीटर केल्विन घेतली, आणि हेडच्या बिडाची, म्हणजे ग्रे कास्ट आयर्नची, साधारण ४५, तर हा अर्धा मिलिमीटर १५ मिलिमीटर लोखंडाइतका अडथळा करतो. गणित पुन्हा मांडलं की उष्णतेचा प्रवाह २.७ लाखांच्या खाली येतो आणि पट्टीचं तापमान ३४० वरून ४०० ला पोचतं. म्हणजे नखाएवढ्या जाडीच्या थराने ६० अंश. दख्खनच्या पठारावर बोअरवेलचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, आणि जेनसेटच्या रेडिएटरमध्ये कूलंट कमी झालं की वॉचमन तेच ओततो. साइटवरून पाण्याचा नमुना मागवा, आणि कूलंटमध्ये ग्लायकॉलचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने बघा. हे दोन्ही तुमच्या पहिल्या रनच्या आधी हातात हवेत.

आता मॉडेल. गॅसच्या बाजूच्या कोएफिशंटसाठी बहुतेक जण वोश्नीचं १९६७ चं सूत्र वापरतात किंवा होहेनबर्गचं १९७९ चं, किंवा ज्वलनाच्या सीएफडीवरून (वायू-द्रवाच्या प्रवाहाच्या संगणकी गणितावरून) प्रत्येक जागेचा आकडा घेतात. जे काही वापराल, त्याची एका पूर्ण सायकलवर सरासरी काढताना एक चूक फार वेळा होते: गॅसच्या तापमानाची सरासरी वेगळी आणि कोएफिशंटची वेगळी. हे चालत नाही. ज्या सुमारास गॅस सर्वात गरम असतो त्याच सुमारास दाबही सर्वात जास्त असतो, म्हणून कोएफिशंटही. दोन्हींच्या गुणाकाराची सरासरी घेऊन तिला कोएफिशंटच्या सरासरीने भागायचं, तेव्हा प्रभावी तापमान मिळतं, आणि ते साध्या सरासरीपेक्षा बरंच वर असतं. तुमच्या पिस्टनचे ३४५ कसे आले हे बघताना आधी एवढं तपासा.

दर सायकलला पृष्ठभागाचं तापमान वरखाली होतं, त्याची चिंता किती करायची? १५०० आरपीएमला एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ७५० वेळा, म्हणजे सेकंदाला साडेबारा वेळा ज्वलन होतं. या गतीला तापमानाची लाट अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे १.२ मिलिमीटर आणि लोखंडात ०.६ मिलिमीटर आत जाऊन विरते. त्यामुळे पूर्ण पिस्टनचं गणित सरासरीवर बिनधास्त करा. फक्त काठावर सूक्ष्म तडे कुठून सुरू झाले याचा शोध असेल तर वरच्या दोन मिलिमीटरात बारीक मेश (गणितासाठीची जाळी) करून ती लाट वेगळी सोडवा.

तेलाच्या बाजूला, पिस्टनमध्ये कूलिंग गॅलरी असेल तर तेल तिच्यात अर्धवट भरलेलं राहून वर-खाली आपटतं आणि उष्णता ओढतं. कोएफिशंट १००० ते ३००० च्या पट्ट्यात कुठेही असतो. इथेही थर वाईट. २००० धरून चाललेल्या गॅलरीत ०.२ मिलिमीटर कार्बन बसला, आणि त्याची वाहकता ०.२ असली, तर प्रत्यक्षात ६७० च्या आसपासच उरतं. एक तृतीयांश. जेट वाकलेला असेल, किंवा बसवताना कुणी त्यावर हात ठेवला असेल, तर त्याच एका पिस्टनची गॅलरी रिकामी राहते आणि बाकीचे पाच ठणठणीत. जुन्या इंजिनात जेट फक्त पिस्टनच्या पोटावर तेल मारतो. तिथे मॉडेल सोपं, पण थर तसाच जमतो.

पाण्याच्या बाजूला एक पथ्य पाळा. पट्टीजवळचा धातू कूलंटच्या उकळबिंदूपेक्षा गरम असतो, आणि तिथे बारीक बुडबुड्यांचं उकळणं चालू असतं. ते उपयोगाचं आहे, ते जास्त उष्णता काढतं. मॉडेलमध्ये ते धरलं नाही तर पट्टी उगाच गरम दिसते, आणि मग लोक गॅसचा आकडा कमी करून ताळमेळ बसवतात, म्हणजे एका चुकीवर दुसरी. अशा उकळण्यासाठी चेनचं १९६६ चं सूत्र आजही कामाला येतं; बहुतेक सीएफडी सॉफ्टवेअरमध्ये तयार मॉडेलं आहेत. पण रेडिएटर कॅप खराब होऊन दाब टिकत नसेल तर उकळबिंदू खाली येतो आणि बुडबुड्यांची जागा वाफेचा सलग पडदा घेऊ शकतो. मग तिथली उष्णता बाहेर जाणं जवळजवळ थांबतं. दहा मिनिटांत कॅपची प्रेशर टेस्ट होते, करून घ्या.

एवढं झालं की बेसलाइन, म्हणजे अजून बिघाड न घातलेलं, मॉडेल मोजमापाशी जुळवायचं. एक्झॉस्ट पोर्टला प्रत्येक सिलिंडरचं तापमान, कूलंट आत-बाहेर, तेल आत-बाहेर, आणि जमलं तर टेम्पलगचे चार-सहा बिंदू. जुळवताना सगळे आकडे एकाच वेळी फिरवू नका. गॅसच्या बाजूचा एकच गुणक हलवा, तो सगळ्या सिलिंडरांना सारखा. तो १.३ च्या वर किंवा ०.७ च्या खाली लागला तर मॉडेलमध्ये दुसरीकडे काही तरी बिघडलं आहे असं समजा: व्हॉल्व्ह सीटचा कॉन्टॅक्ट, मटेरियलचे तापमानानुसार बदलणारे आकडे, नाहीतर पाण्याचा प्रवाह.

मग खरा तपास. त्याच मॉडेलमध्ये एकेक बिघाड घाला आणि प्रत्येकाचा ठसा बघा. इंधन जास्त जातंय किंवा लोड जास्त आहे असं केलंत तर हेड आणि पिस्टन दोन्ही तापतात, सहाही सिलिंडरांत, एक्झॉस्टही चढतं. जॅकेटमध्ये क्षार घातलात तर हेड तापतं, लायनरचा वरचा भाग तापतो, पण पिस्टनचा काठ फारसा हलत नाही. गॅलरी बंद केलीत तर एकच पिस्टन काठापासून पहिल्या रिंगपर्यंत तापतो. रिंगच्या खाचेत साधारण २५० अंशांच्या वर तेल करपायला लागतं, रिंग चिकटते, आणि हेडला पत्ताही नसतो. नोझलचा बिघाड घातलात तर पूर्ण पिस्टन न तापता काठावरचे ठरावीक डाग तापतात. आता हे ठसे हार्डनेसच्या आलेखांशेजारी ठेवा. दोन-तीन शक्यता लगेच बाद होतात.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की दोन्ही दुखणी एका कारणाची नाहीत. तुम्ही लिहिलं आहे की हेड पाच आणि सहा नंबरच्या सिलिंडरची गेली, म्हणजे वॉटर पंपापासून लांबची, आणि पिस्टन दोन आणि तीनचे गेले. ओव्हरलोडने असं होत नाही. पिस्टनांसाठी सगळ्यात आधी दोन आणि तीनचे इंजेक्टर काढून त्यांच्याखालचे तांब्याचे वॉशर मोजा. सर्व्हिसमध्ये जुना वॉशर तळाशी चिकटून राहतो आणि त्यावर नवा बसवला जातो, किंवा बाजारातला जाड वॉशर येतो. नोझल एक-दीड मिलिमीटर वर राहिलं की फवारा बाऊलच्या आत पडण्याऐवजी थेट काठावर बसतो. मायक्रोमीटरचं काम आहे, पाच मिनिटांचं. वॉशर बरोबर निघाले तर नोझल टेस्टरवर फवारा आणि गळती बघा, मग टायमिंग, मग जेट.

हेडबद्दल मात्र नुसतं तापमान पुरेसं नाही, आणि तुमच्या अ‍ॅनालिसिसमध्ये मला हीच मोठी उणीव वाटते. पट्टी ३४० अंश असताना तुटत नाही. ती थंड होताना तुटते. गरम असताना पट्टीला फुगायचं असतं, भोवतालचं १४० अंशांचं जाड लोखंड तिला फुगू देत नाही, आणि ती दाबात जाते. २०० अंशांचा फरक पूर्ण अडवला तर लोखंडात सुमारे २६० मेगापास्कल दाब येतो. ग्रे कास्ट आयर्न दाब सहज सोसतं, पण तासन् तास गरम राहिल्यावर तो दाब धातू हळूहळू सोडून देतो, थोडा आखडतो. इंजिन बंद झालं, सगळं खोलीच्या तापमानाला आलं, की आखडलेली पट्टी आता आखूड पडते आणि ताणात जाते. एफजी २५० या प्रतीच्या बिडाची ताणातली ताकद नावाप्रमाणे २५० मेगापास्कल, त्यामुळे वारंवार असं झालं की तडा ठरलेला.

यात सुरू होण्याची पद्धत फार महत्त्वाची आहे. १० मिलिमीटरची पट्टी गरम व्हायला आठ-दहा सेकंद लागतात, तर ६० मिलिमीटर खोल असलेल्या हेडच्या धातूला पाच मिनिटांच्या आसपास. पॅनेलने थंड इंजिनावर काही सेकंदांत पूर्ण लोड टाकला तर त्या पहिल्या मिनिटात फरक सर्वात मोठा असतो, चालू स्थितीतल्यापेक्षाही मोठा. स्टेडी स्टेट, म्हणजे फक्त स्थिर चालीच्या, रनमध्ये हा क्षण येतच नाही. म्हणून हेडसाठी ट्रान्झियंट, म्हणजे वेळेनुसार बदलणारा, रन करा: थंड सुरुवात, लोड, स्थिर चाल, बंद, थंड. हे तापमान प्लास्टिसिटी (कायमची विकृती) आणि क्रीप (गरम धातूचं हळूहळू सरकणं) धरणाऱ्या मटेरियल मॉडेलला द्या, ज्यात लोखंडाचं दाबातलं आणि ताणातलं वागणं वेगळं असेल, आणि निदान तीन सायकल चालवा, म्हणजे ताण-विकृतीचा फेरा स्थिर होईल. त्या फेऱ्याच्या रुंदीवरून आयुष्य काढायचं. बोल्टची घट्टाई आणि सीट इन्सर्टचा इंटरफिअरन्स (व्हॉल्व्हची सीट दाबून बसवल्याचा घट्टपणा) विसरू नका. दोन्ही पट्टीला सुरुवातीपासूनच ताण देतात.

व्यावसायिक सॉफ्टवेअरचं लायसन्स नसेल तर अडू नका. पाण्याच्या बाजूला ओपनफोम आणि स्ट्रक्चरला कॅल्क्युलिक्स, दोन्ही मोफत आहेत आणि एवढ्या कामाला पुरतात. क्रीपचे आकडे तुमच्या फाउंड्रीच्या धातूचे मिळणार नाहीत, तेव्हा प्रकाशित आकडे घ्या आणि आयुष्य तासांत सांगण्याऐवजी तुलना सांगा: क्षारासह आणि क्षाराशिवाय, थंड लोड आणि दोन मिनिटं रिकामं चालवून लोड. तुलनेत मटेरियलची बरीचशी अनिश्चितता कटते, आणि ग्राहकालाही तेच हवं असतं.

ट्रान्झियंटचा निकाल आला की अहवाल लिहिण्याआधी ग्राहकाच्या पॅनेलमधून मागच्या वर्षाचा स्टार्ट-स्टॉपचा लॉग काढून घ्या. लोड किती सेकंदांनी टाकला जातो आणि बंद करण्याआधी इंजिन रिकामं चालू दिलं जातं का, हे दोन टायमर तिथे सापडतील. जॅकेट साफ करून, कूलंट बदलून आणि हे टायमर वाढवून तेच मॉडेल पुन्हा चालवा. पाच आणि सहाच्या नव्या हेडमध्ये बसवण्याआधीच टेम्पलगसाठी आटे पाडून ठेवा, नंतर इंजिन पुन्हा उघडावं लागणार नाही.